हैदराबाद विद्यापीठाची ४०० एकर जमीन: पन्नास वर्षांच्या ताब्यानंतरही हक्क का सिद्ध झाला नाही?

प्रश्न: पदवीधर_सदस्य

नमस्कार. मी एका राज्य विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांचा प्रतिनिधी आहे. शहराच्या सुधारित विकास आराखड्यात आमच्या परिसरातून जाणारा एक रुंद रस्ता दाखवण्यात आला आहे आणि त्याविरुद्ध येत्या बैठकीत ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. त्या तयारीसाठी हैदराबाद विद्यापीठाच्या कांचा गच्चीबावली प्रकरणाची कागदपत्रे व बातम्या वाचायला घेतल्या, आणि जसजसे वाचत गेलो तसतशी माझी अस्वस्थता वाढत गेली.

हे केंद्रीय विद्यापीठ १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याला शहराबाहेर सुमारे २,३०० एकर जमीन मिळाली. तेथे ते अर्धशतक नांदले. असे असूनही त्यातील कांचा गच्चीबावली येथील ४०० एकरांचा प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा ती जमीन राज्य सरकारची असल्याचे ठरले, आणि ३० मार्च २०२५ रोजी, ऐन उगादीच्या दिवशी, जेसीबी यंत्रे थेट झाडीत शिरली. विरोध करणाऱ्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. लागून आलेल्या सुट्ट्यांच्या त्या काही दिवसांत रात्रीही दिवे लावून तोड चालू राहिली, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवेपर्यंत सुमारे १०० एकरांवरील झाडी नाहीशी झाली होती.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. इतक्या वर्षांचा निर्विवाद ताबा विद्यापीठाच्या कामी का आला नाही? शेवटी न्यायालयाने हस्तक्षेप केला तो कोणत्या आधारावर? आणि यातून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आजच काय करून ठेवावे? या विषयातील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १: मोजणी_नकाशा

मी मराठवाड्यात भूमी अभिलेख विभागात नोकरी केली आहे. निजामकालीन महसुली दप्तर आमच्याकडे आणि तेलंगणात बऱ्याच अंशी एकाच परंपरेतले असल्याने या प्रकरणातले कागद मला परके वाटले नाहीत. आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

सरकारी जमिनीवरचा ताबा आणि तिची मालकी यांच्यातले अंतर काळाच्या ओघात आपोआप भरून निघत नाही. जमीन अमुक संस्थेसाठी दिली असा आदेश निघणे, तिचा प्रत्यक्ष ताबा देणे, मोजणी करून हद्दीचे दगड रोवणे, आणि अखेरीस अधिकार अभिलेखात संस्थेचे नाव भोगवटादार म्हणून लागणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. हैदराबादमध्ये पहिल्या दोन पुऱ्या झाल्या आणि शेवटची राहून गेली. महसुली नोंदीत सर्व्हे क्रमांक २५ ची ती जमीन ‘कंचा अस्तबल पोरंबोक सरकारी’, म्हणजे सरकारी पडीक जमीन, अशीच राहिली. म्हणजे विद्यापीठ तेथे इमारती उभारत होते, झाडे जोपासत होते, कुंपणाची भिंत बांधत होते, पण कागदावर मालक सरकारच होते.

हे असे का झाले असावे, याचा माझा अंदाज सांगतो. विद्यापीठाचा जन्मच एका राजकीय समझोत्यातून झाला. १९६९ चे तेलंगण आंदोलन आणि १९७२ चे आंध्र आंदोलन यांनंतर १९७३ मध्ये सहा कलमी तोडगा निघाला, राज्यघटनेत ३७१-ई हे कलम आले आणि केंद्रीय विद्यापीठ मंजूर झाले. सुरुवातीचे कामकाज सरोजिनी नायडू यांच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या निवासस्थानातून चाले. गच्चीबावली तेव्हा खडकाळ माळ होता. त्या माळाला बाजारभाव असा नव्हताच, त्यामुळे केंद्राचे विद्यापीठ आणि राज्याची जमीन या नात्याचा कागद पक्का करून घेण्याची निकड कोणालाच भासली नसावी. पुढे १९९८ मध्ये जवळच सायबर टॉवर्स उभे राहिले, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, बाह्यवळण रस्ता झाला, आणि तोच माळ देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींच्या शेजारी येऊन बसला.

मधल्या काळात मूळ क्षेत्रातून वेळोवेळी तुकडे निघत गेले. क्रीडासंकुलासाठी जमीन गेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रासाठी सुमारे २०० एकर गेली. यांतले बहुतेक उद्देश चांगलेच होते. मात्र प्रत्येक तुकड्याबरोबर ही जमीन सरकारने हवी तेव्हा परत घ्यायची असते, असा पायंडा पडत गेला, आणि माझ्या मते विद्यापीठाचे खरे नुकसान तेथेच झाले.

२००३-०४ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने क्रीडा प्रकल्पासाठी ४०० एकर जमीन आयएमजी अकॅडमीज भारत या कंपनीला दिली. राज्य सरकारचे म्हणणे असे की, त्याच वेळी, फेब्रुवारी २००४ मध्ये, विद्यापीठाने ५३४ एकरांचा ताबा सोडला आणि त्याच्या मोबदल्यात गोपनपल्ली येथे सुमारे ३९७ एकर जमीन घेतली. पुढच्या सरकारने २००६ मध्ये कंपनीशी झालेला व्यवहार रद्द केला आणि खटला सुरू झाला. येथे एक बाब बारकाईने पाहावी. तो खटला कंपनी आणि राज्य सरकार यांच्यातला होता. व्यवहार रद्द करणे योग्य होते की नाही, एवढ्याभोवतीच तो फिरत राहिला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली, आणि जमीन तेलंगणाच्या औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. वीस वर्षे चाललेल्या या वादात विद्यापीठाच्या हक्काची मांडणी कोणी केलीच नाही.

हद्दीचा प्रश्नही शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. जुलै २०२४ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांसमक्ष पाहणी होऊन हद्द निश्चित झाली, असे महामंडळाने सांगितले. विद्यापीठाने ३१ मार्च २०२५ च्या निवेदनात ते नाकारले. केवळ प्राथमिक पाहणी झाली होती, सीमांकन झालेले नाही, असे त्यात म्हटले होते. यंत्रे आत शिरल्यानंतर हद्द कोठे आहे यावर निवेदनांची देवाणघेवाण होत असेल, तर मोजणीचा नकाशा दोन्ही पक्षांच्या सहीनिशी कोणाच्याही कपाटात नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो.

प्रतिसाद २: माळरान

वरील प्रतिसाद अत्यंत मोलाचा आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दख्खनच्या खडकाळ माळांवरील वनस्पती हा माझा अभ्यासाचा विषय आहे.

जमीन वाचली, किंवा निदान तूर्त वाचली, ती मालकीच्या मुद्द्यावर नाही. ती ‘वन’ या संकल्पनेच्या आधारावर वाचली. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वन म्हणजे केवळ सरकारी यादीत नोंदलेले वन नव्हे. शब्दकोशातील अर्थाने जे वन ठरेल त्यालाही, मालक कोणीही असो, वनसंवर्धन कायद्याचे संरक्षण आहे. २०२३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर हा प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर आला, आणि ४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना वनसदृश क्षेत्रे ओळखण्यासाठी तज्ज्ञ समित्या नेमण्यास सांगितले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच गच्चीबावलीत वृक्षतोड सुरू झाली. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांच्या खंडपीठाने ३ एप्रिलला स्वतःहून दखल घेतली, तेलंगण उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी जागेवर पाठवले आणि राज्याला विचारले की इतकी घाई कशाची होती. निबंधकांना तेथे मोर आणि हरणेही दिसली होती. १६ एप्रिलच्या सुनावणीत तर, झाडी पूर्ववत करण्याची योजना द्या, अन्यथा जबाबदार अधिकाऱ्यांना त्याच जागी तात्पुरत्या तुरुंगात ठेवावे लागेल, इथपर्यंत न्यायालयाने सुनावले.

सरकारने वारंवार सांगितले की, हे वन नाही, महसुली नोंदीत ते कधीच वन नव्हते. नोंदीपुरते ते खरे आहे. मात्र अशा माळाकडे पाहण्याची आपली सवयच सदोष आहे, असे मला मनापासून वाटते. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या फटींत साठलेली वीतभर माती, त्या मातीत पावसाच्या पहिल्या सरीनंतर उगवणारी आणि थोड्याच दिवसांत बी धरून नाहीशी होणारी इवलीशी रोपे, शिळांवर पाणी साचून झालेली उथळ तळी, आणि उन्हाळ्यात पूर्णतः वाळलेले दिसणारे गवत हीच त्या परिसंस्थेची निरोगी अवस्था असते. कोणी एप्रिलमध्ये येऊन छायाचित्र काढले, तर त्याला ती ओसाड जागा दिसणार. त्याच परिसरात चितळ आहेत, तारांकित कासव आहे, मोर आहेत, आणि ‘मुरिसिया हैदराबादेन्सिस’ ही कोळ्याची जात तर विद्यापीठाच्या याच आवारातून शास्त्राला ज्ञात झाली. यंत्रांच्या दिव्यांच्या उजेडात मोरांचा अखंड आक्रोश ऐकू येणारी ध्वनिचित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मला ती पूर्ण पाहवली नाही.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडून एक ठोस मार्ग सांगते. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकार एखाद्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके (गांधी कृषी विज्ञान केंद्र) परिसराला २०१० मध्ये हा दर्जा मिळाला. शहराच्या वेढ्यात सापडलेल्या विद्यापीठाने वेळेत उचललेले ते पाऊल होते. आपल्याकडे पुण्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील गणेशखिंड उद्यानालाही २०२० मध्ये तो मिळाला आहे. यासाठी परिसरातील वनस्पती, पक्षी, कीटक यांची वर्षभराच्या सर्व ऋतूंतील शास्त्रीय नोंद लागते. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभाग असलेल्या विद्यापीठाला त्यासाठी बाहेरच्या कोणाकडेही हात पसरावा लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी ही नोंद पदव्युत्तर प्रबंधांत विखुरलेली असते आणि गरज पडते तेव्हा एकत्र सापडत नाही.

प्रतिसाद ३: नगररचनाकार

मी वेगळ्या बाजूने थोडे मांडू इच्छितो, आणि त्याचा विपर्यास होऊ नये अशी अपेक्षा आहे. वाढत्या शहराला रस्ते, घरे आणि रोजगार यांसाठी जमीन लागते आणि शहराच्या मधोमध हजार-दोन हजार एकर एकाच संस्थेकडे असतील तर प्रश्न विचारला जाणारच. तेलंगण सरकारने या ४०० एकरांतून ५०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि पाच लाख रोजगार येतील, असा दावा केला होता. तेथील मशरूम रॉक जपला जाईल आणि बफेलो लेक व पीकॉक लेक ही तळी या क्षेत्राबाहेर आहेत, असेही महामंडळाने सांगितले होते. हे दावे तपासण्याची रीतसर पद्धत कायद्यात आहे, आणि माझा आक्षेप ती डावलली गेल्याबद्दल आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रविकासाला पूर्वमंजुरी लागते. ४०० एकर म्हणजे जवळपास १६२ हेक्टर. अशी मंजुरी घेतली आहे का, हा प्रश्न न्यायालयाने ३ एप्रिललाच विचारला होता. आधी झाडे पाडायची आणि मग आराखडा आखायचा, याला नियोजन म्हणता येत नाही.

दुसरे म्हणजे, आपल्या विद्यापीठापुढचा प्रश्न रस्त्याचा आहे आणि तो हैदराबादमधल्या जमीन लिलावाच्या बेताहून निराळा आहे. लिलावाने जमीन एकदम जाते. रस्ता मात्र परिसर दुभंगून टाकतो आणि त्याचे परिणाम हळूहळू उमटतात. बंगळुरू विद्यापीठाचा ज्ञानभारती परिसर याचे उदाहरण आहे. तेथील अंतर्गत रस्ते शहराच्या वाहतुकीचे जवळचे मार्ग होऊन बसले. २०२२ मध्ये आवारातच शहर बसखाली सापडून एक विद्यार्थिनी दगावली आणि बाहेरची वाहतूक बंद करा, या मागणीसाठी विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. आपल्या ठरावात केवळ ‘विरोध’ असा शब्द असू नये. आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची जी मुदत असते त्या मुदतीत विद्यापीठाची लेखी हरकत, पर्यायी आखणीच्या नकाशासह, नियोजन प्राधिकरणाकडे गेली पाहिजे आणि सुनावणीला विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी हजर राहिला पाहिजे. मी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत. शेजारच्या वसाहतीतील रहिवासी फायली घेऊन आलेले असतात आणि सर्वांत मोठ्या जमीनधारक संस्थेची खुर्ची रिकामी असते.

प्रतिसाद ४: दख्खनी

मी हैदराबाद विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे. कागदांची चर्चा आवश्यक आहे, पण एक बाब राहून जाऊ नये म्हणून लिहितो. कुलसचिव कार्यालयाच्या निवेदनाआधी विद्यार्थी तेथे उभे होते. त्यांच्याकडे सातबारा नव्हता, वकीलपत्र नव्हते. पक्षी मोजायला, शिळांवर बसून वाचायला, तळ्याकडे फिरायला जाऊन त्यांनी तो भाग पायाखाली घातलेला होता, त्यामुळे यंत्रे नेमकी कोठे पोचली आहेत हे ते मिनिटामिनिटाला सांगू शकले. न्यायालयात सादर झालेल्या आणि वृत्तपत्रांत छापलेल्या माहितीचा मोठा भाग त्यांच्या भ्रमणध्वनीतून आला. काही खोटी, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रेही त्या दिवसांत फिरली आणि सरकारने त्याच चित्रांवर बोट ठेवून संपूर्ण आंदोलनच खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे आपल्याकडे अशी वेळ आली तर प्रत्येक छायाचित्रावर दिनांक, वेळ आणि स्थान नोंदवून ते जपावे.

ज्या परिसराच्या मागच्या बाजूला विद्यार्थ्यांना जाण्यास मनाई असते, सुरक्षारक्षक तेथून हुसकावून लावतात, त्या परिसरासाठी उभे राहायला कोणी येणार नाही. आपल्या ठरावात यालाही जागा द्यावी.

पदवीधर_सदस्य

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मोजणी_नकाशा’ यांचा प्रतिसाद वाचून काल विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात गेलो. सातबारा उतारे मागितले असता काही गटांचे उतारे मिळाले आणि त्यांपैकी दोन गटांवर भोगवटादार सदरात अजूनही ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद आहे. प्रस्तावित रस्ता त्यांतील एका गटातून जातो. जमीन दिल्याचा मूळ आदेश विभागाला सापडला नाही. अशा स्थितीत प्रथम काय करावे?

प्रतिसाद ५: मोजणी_नकाशा

घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र दिरंगाई करू नये. मूळ आदेश विद्यापीठात नसला तरी त्याची स्थळप्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या महसूल शाखेत आणि मंत्रालयातील महसूल विभागात असण्याची शक्यता असते. तहसील कार्यालयातून त्या दोन गटांचे सर्व जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, मागवा. एखाद्या फेरफारात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक लिहिलेला असतो, पण अंमल उताऱ्यावर ओढायचा राहून गेलेला असतो; असे मी अनेकदा पाहिले आहे. तसे असेल तर काम बरेच सोपे होते, कारण नवा हक्क मागायचा नसून जुन्या आदेशाची नोंद घेण्यास सांगायचे असते. मराठवाड्यातले विद्यापीठ असेल तर खासरा पत्रक आणि पहाणी पत्रके या जुन्या महसुली नोंदीही काढून घ्या.

क्रमाची काळजी घ्यावी. आदेश आणि फेरफार हाती आल्यावाचून आक्रमक पत्रव्यवहार करू नये, कारण ‘आमच्याकडे कागद नाही’ असे विद्यापीठाच्याच पत्रात लेखी आले तर ते पुढे आपल्याविरुद्ध वाचले जाईल. कुलसचिवांच्या सहीने साध्या भाषेत नक्कल मागणीचा अर्ज द्यावा. त्याबरोबरच संपूर्ण परिसराच्या हद्दकायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दाखल करावा. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना, महापालिकेला आणि तहसील कार्यालयाला नोटिसा पोचल्या आहेत याची खात्री करावी, पंचनाम्यावर उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात, आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळाल्यावर तिच्या प्रमाणित नकला कुलसचिव, मालमत्ता विभाग आणि ग्रंथालय अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात.

विकास आराखड्यावरील हरकत मात्र या सगळ्याची वाट पाहत थांबवू नये. तिची मुदत एकदा गेली की ती पुन्हा मिळत नाही. हरकतीत मालकीचा वाद काढण्याची आवश्यकताच नाही. गट क्रमांक, विद्यापीठाचा शैक्षणिक वापर, त्या पट्ट्यातील इमारती व झाडी आणि नगररचनाकारांनी सुचवलेली पर्यायी आखणी एवढे पुरेसे आहे. अधिसभेची बैठक मुदतीनंतर असेल तर ठरावाची वाट न पाहता कुलगुरूंकडून व्यवस्थापन परिषदेमार्फत हरकत पाठवून घ्यावी आणि पोच घेतलेली प्रत अधिसभेपुढे ठेवावी. उतारे येथे टाकू नका. केवळ फेरफारांचे दिनांक आणि त्यांतील नोंदीचा मजकूर गट क्रमांक वगळून लिहिलात, तरी पुढचे सांगता येईल.